नमुन्याबरहुकूम

६ जानेवारी, सोमवार

आजपासून मी पुन्हा कामावर. पगार नाही, पण खुर्ची आहे. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारत नाही. मथुरा तेवढी भाजी कोणती करू म्हणून विचारते, आणि तेही कढईत फोडणी पडल्यावर.

वल्लरीने कंप्युटरची बरी चाललेली नोकरी सोडून जे. पी. नगरात खेळाडूंच्या सह्यांचं दुकान काढलं आहे. सही केलेले फोटो, जर्सी, बॅटी, हॉकीच्या काठ्या काचेच्या चौकटीत घालून विकते. लोक हौसेने घेतात आणि सोफ्याच्या वर टांगतात. माझ्या मते हे खूळ आहे आणि तसं मी मुलीला सांगितलंही होतं. तरी गेल्या आठवड्यात तीच म्हणाली, "अण्णा, सही खरी की खोटी एवढं तुम्ही बघाल का? सर्टिफिकेटवर तुमचं नाव घालते."

बँकेत माझी निम्मी नोकरी चेकवरच्या सह्या पडताळण्यात गेली. डाव्या हाताला नमुना सही, उजव्या हाताला चेक. जुळली तर पास, नाही जुळली तर परत. गुंडूरावाच्या टेबलावरून चेक परत आल्याशिवाय माणूस आपला जुना ग्राहक होत नाही, असं मॅनेजर लोकांना हसत सांगायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. सर्टिफिकेटचा मजकूर मीच लिहून दिला: ‘सदर सही मी स्वतः तपासली असून ती अस्सल आहे.’ खाली नाव, हुद्दा, सही.

के. आर. पुरमहून मेट्रोने जायचं, मॅजेस्टिकला गाडी बदलायची. डबा मथुराने दिला. बऱ्याच दिवसांनी डबा उघडताना भूक लागलेली होती.

९ जानेवारी, गुरुवार

पहिल्याच मोठ्या कामात कटकट.

नागनाथांचे फोटो आले. हॉकीतले नागनाथ, बचावाच्या फळीतले. आम्ही कॉलेजात असताना त्यांची मॅच असली की कॅन्टीनच्या रेडिओभोवती उभं राहायला जागा नसायची. आता येलहंक्याला राहतात, वय झालं आहे. त्यांचा मुलगा किरणकुमार सही केलेल्या फोटोंचा गठ्ठा घेऊन स्वतः आला. वल्लरीने एका जुन्या स्मरणिकेतून त्यांची त्या काळातली सही शोधून ठेवली होती. काय सही! सरळ रेषेत, जोरकस, शेवटचा फराटा झोकात वर गेलेला. हा झाला नमुना.

आणि गठ्ठ्यातल्या सह्या? एक चढणीला, एक उतरणीला. एकीत अक्षरं दाटलेली, दुसरीत फाकलेली. फराटा कुठे आहे, कुठे अर्ध्यावर सुटला आहे. दोन सह्या एकमेकींच्या बहिणी वाटतील तर शपथ. मी अख्खा गठ्ठा परत केला. वर चिठ्ठी लावली, ‘सही नमुन्याशी जुळत नाही.’

किरणकुमार म्हणाला, "सार, अप्पांनी माझ्यासमोर केल्यात."

मी म्हटलं, "बँकेत सगळे हेच सांगायचे."

वल्लरी मध्ये पडली. "अण्णा, स्वल्प परत बघा ना. वय झालंय त्यांचं."

"वय झालं म्हणून बँक सही सोडून देत नाही," मी म्हणालो. किरणकुमार गठ्ठा छातीशी धरून गेला. वल्लरी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि बराच वेळ बोलत राहिली. गिऱ्हाईक असो नाही तर माल आणणारा असो, पोरगी फार मऊ बोलते. धंद्याला हे बरं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दुकान बंद. तिळगूळ आणि त्याचा कानडी भाऊ एळ्ळु-बेल्ल दोन्ही झालं, दोन्ही जास्त झालं. दुपारी मथुरा फोनवर वल्लरीला सांगत होती, "असू दे गं, सांभाळून घे. घरात बसले की सगळ्यांचं डोकं खातात. तिथे गुंतले की बरे राहतात." कोणाबद्दल चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाली, शेजारच्या अप्पासाहेबांबद्दल. खरं आहे. अप्पासाहेब फार डोकं खातात.

२० जानेवारी, सोमवार

याला म्हणतात काम! नागनाथांचे फोटो पुन्हा आले. या वेळी प्रत्येक सही नमुन्याबरहुकूम. भिंग लावून पाहिलं, पट्टी लावून पाहिलं, केसाचा फरक नाही. उगाच नाही मी म्हणत, थोडं कडक राहिलं की लोक नीट वागतात. पहिल्या वेळी बहुतेक घरातल्या कोणीतरी सह्या ठोकल्या असाव्यात, चिठ्ठी गेल्यावर म्हाताऱ्याने स्वतः हातात पेन घेतलं. या वयात असा हात! मी वल्लरीला म्हटलं, इतकी शिस्तशीर सही मी माझ्या अख्ख्या नोकरीत पाहिली नाही.

ती फोटोंकडे बघत राहिली. "सगळ्या सारख्याच आहेत, अण्णा," म्हणाली.

"तेच तर," मी म्हणालो.

दिवसभर बसून सर्टिफिकेटं केली. पाठ धरली, पण मजा आली.

३ फेब्रुवारी, सोमवार

नागनाथ संपत आले. गिऱ्हाइकं सर्टिफिकेट वाचतात, मग माझ्याकडे बघतात. एक बाई तर ‘तुम्हीच का ते’ म्हणाल्या. मथुराला सांगितलं. ती म्हणाली, "आता घरातही सही केल्याशिवाय जेवू नका." खवचट.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं फिरलं आहे. जे झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी शिवाप्पा नावाचे गृहस्थ आले. शाळेत पी. टी. मास्तर होते, हॉकी शिकवायचे. आवाज अजून मैदानावरचाच. त्यांनी आपल्याकडून नागनाथांचा फोटो घेतला होता आणि त्यांच्या मेव्हण्यानेही घेतला होता. दोन्ही चौकटी त्यांनी माझ्या टेबलावर आपटल्या. मग खिशातून पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा काढला. त्यावर त्यांनी एका फोटोतली सही मार्करने गिरवून आणली होती. तो तुकडा दुसऱ्या फोटोवर ठेवला.

"नोडी सार. बघा."

मी पाहिलं. तंतोतंत बसली. म्हटलं, "मग? जुळते की!"

"जुळते म्हणूनच खोटी, सार!" एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारचा झेरॉक्सवाला आत डोकावला. "माणूस दोनदा अशी सही करेल का? हे मशीनचं काम आहे. मशीनच्या हाताला पेन लावतात, एकदा सही शिकवली की ती तशीच्या तशी करत सुटते. लहानपणापासून या माणसाच्या पाया पडावं असं मला वाटत होतं. आणि तुम्ही मशीनची सही विकता? खाली अस्सल म्हणून लिहून?"

मी त्यांना नमुना सही म्हणजे काय ते समजावू लागलो. ते ऐकेनात. तेवढ्यात वल्लरी आली, दोन्ही फोटो एकदा पाहिले आणि म्हणाली, "सार, चूक माझी आहे. मीच नीट बघायला पाहिजे होतं. खरी सही मिळवून देते, नाही तर पैसे परत."

कशाची चूक? तपासल्या मी, सर्टिफिकेट माझं, आणि ही न विचारता माफी मागून मोकळी! शिवाप्पा म्हणाले, "मला पैसे नकोत अम्मा, मला त्यांची सही पाहिजे. नाही तर तुमच्या दुकानाचं नाव मी सगळ्या हॉकीवाल्यांत सांगेन." आणि गेले. दुकानात एवढ्या वस्तू आहेत, सगळ्यांखाली माझं नाव आहे. हे नाव गेलं तर दुकानात उरतं काय, नुसत्या काचा.

संध्याकाळी वल्लरीशी बोललो नाही. तीही बोलली नाही. मेट्रोत उभ्याने आलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घरीच थांबलो. कोऱ्या कागदांवर माझी सही करत बसलो आणि दोन-दोन कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावून पाहिले. एकही बसत नाही. माझी सही, माझं पेन, माझा हात, आणि ‘गुं’वरचा अनुस्वार दर वेळी नव्या जागी. वळण तेच असतं, ठसा तो नसतो.

मथुराने चहा ठेवला आणि म्हणाली, "मग आता तुम्हाला खरे धरायचं की खोटे?"

मग उरलेले नागनाथ भिंगाखाली घेतले. आता दिसतं, दिसायचं तेव्हा दिसलं नाही. पेन टेकलं तिथे ठिपका, उचललं तिथे ठिपका. मधली शाई पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जाडीची. माणूस फराटा ओढतो तेव्हा हात सुटतो, शाई बारीक होते. इथे फराटासुद्धा नळातून पाणी सोडल्यासारखा. बँकेत असतो तर एवढी जुळणारी सही बघून कोणी गिरवली म्हणून शंका आली असती का मला? यायला पाहिजे होती. पण तिथे आम्हाला न जुळणारं शोधायची सवय, जुळलेल्याकडे कोण बघतो.

मला त्या किरणकुमारचा असा संताप आला आहे की लिहिता येत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानातलं सगळं पुन्हा तपासायला घेतलं. दिवसभरात निम्म्याहून अधिक माल बाजूला काढला. वल्लरी आधी नुसती खोकी आणून देत होती. सही केलेला क्रिकेटचा चेंडूसुद्धा मी बाजूला ठेवला तेव्हा म्हणाली, "अण्णा, तो गोल आहे. मशीनला सपाट लागतं."

म्हटलं, "उद्या गोलाचंही मशीन येईल."

"मग दुकान बंदच करू या का?"

आवाज चढवून नाही, साध्या आवाजात विचारलं. मी चेंडू परत ठेवला. घरी आल्यावर मथुराला हे सांगितलं, तर तिचं एकच, "दुधाने तोंड पोळलं, आता ताक फुंका." या घरात माझ्या बाजूचं कोणी नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

येलहंक्याला निघालो होतो, किरणकुमारला तोंडावर विचारायला. वल्लरी म्हणत होती ती जाते, मी तिला सांगितलं, माझ्या नावाची भानगड आहे, मी निस्तरीन. पण तिकडे विमानांचं प्रदर्शन. हेब्बाळच्या पुलावर बस जी थांबली ती थांबलीच. डोक्यावरून विमानं कानठळ्या बसवत जात होती आणि बसमधले सगळे, ड्रायव्हरसकट, खिडकीतून मोबाइल काढून उभे. रागाने बोलायची मी दोन-तीन वाक्यं पाठ केली होती, तीही विसरलो. उतरून उलट दिशेची बस धरली. अख्खा दिवस वाया.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज पोचलो.

दार किरणकुमारने उघडलं. मला वाटलं होतं चेहरा पडेल. काही नाही. "बन्नी सार, या," म्हणाला आणि सरळ आत घेऊन गेला. बैठकीत खिडकीखाली ते मशीन होतं, वर धुतलेला टॉवेल टाकलेला. मी बोट दाखवून म्हटलं, "हे काय?" त्याने टॉवेल काढला. शिवणयंत्राएवढं धूड, एक लोखंडी हात, हाताला आपल्या बाजारातलं मार्कर.

"तुम्ही लोकांना फसवता," मी म्हणालो. पाठ केलेल्यातलं एवढंच आठवलं.

तेव्हा आतून नागनाथ आले. मी उठून उभा राहिलो, रागावलेला असूनही. अजून उंच आहेत, फक्त खांद्यात वाकलेत. उजव्या हाताची बोटं मुळाशी वाकडी, चेंडू आणि काठ्या खाऊन खाऊन झालेली. सगळं कानडीतच बोलले, सावकाश.

"चिठ्ठी लिहिणारे तुम्हीच ना?" म्हणाले. "पहिल्या गठ्ठ्यावर सगळ्या सह्या मी केल्या होत्या. दिवसाला दोन-चार, जेवढं जमेल तेवढ्या. सून फोटो खाटेवर वाळत घालायची. तुम्ही लिहिलं, जुळत नाही. त्याच्या आधी मुंबईच्या एका व्यापाऱ्यानेही तेच लिहिलं होतं. तुम्हाला सगळ्यांना माझी तरुणपणची सही पाहिजे. ती मला येत नाही. ती या मशीनला येते."

मी विचारलं, ते पहिले फोटो कुठे आहेत? द्या, आत्ता घेऊन जातो, सगळे घेऊन जातो.

किरणकुमार खाली बघून म्हणाला, "तेच फोटो आहेत सार. पुन्हा छापायला परवडत नाही. स्पिरिटने पुसले आणि मशीनवर घातले. अप्पांनीच पुसले, कापसाने."

म्हणजे मी भिंग लावून ज्यांच्यावर खूश झालो, त्यांच्याखाली खऱ्या होत्या. मला राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. किरणकुमारने मशीन लपवलं, हे चुकलंच. पण मी चिठ्ठी लिहिली नसती तर? मी नियमाने वागलो. नियमाने वागून असं कसं होतं?

मी म्हटलं, "एक सही करून द्या. एका माणसासाठी. शिवाप्पा नावाचे पी. टी. मास्तर आहेत."

"परत पाठवाल," ते म्हणाले.

"नाही पाठवणार."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग किरणकुमारला कोरा फोटो आणायला सांगितला, त्यांचा, काठी घेऊन वाकलेला, मागे मैदान. पेन अंगठ्यात आणि दोन बोटांत अडकवलं. पहिलं अक्षर झालं, थांबले. हात उचलून मनगट झटकलं. मधली अक्षरं दाटली, ओळ खाली घसरत गेली. मी आयुष्यात कोणाला सही करताना असं पाहिलेलं नाही. बँकेत सही झाल्यावर कागद यायचा. शेवटचा फराटा वर न्यायला गेले तो अर्ध्यात सुटला. "हा असाच होतो आता," म्हणाले आणि फोटोवर फुंकर घातली.

मला सांगायचं होतं की तुमच्यासाठी आम्ही तास बुडवून कॅन्टीनच्या रेडिओपाशी उभे असायचो. तोंडातून निघालं, "पेन चांगलं आहे." असा मूर्ख मी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सगळं वल्लरीला सांगितलं, पुसलेल्या सह्यांसकट. वाटलं होतं बोलेल मला, मीही उलट बोलायला तयार होतो. तिने एवढंच विचारलं, "तुम्ही जेवलात का तिथे?" मग मशीनचे उरलेले सगळे फोटो चौकटीतून काढून खोक्यात भरले आणि ज्यांनी नेले होते त्या प्रत्येकाला फोन करायला बसली. मी करतो म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही नको अण्णा, तुम्ही भांडाल." मागच्या खोलीत ऐकू येत होतं, दर वेळी तेच वाक्य, चूक माझी आहे, चूक माझी आहे. मालकिणीने असं बोलू नये. कोणी तिला हे शिकवलं, मी तर नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शिवाप्पा आले. नवी चौकट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"सार, ही काही त्यांची वाटत नाही," म्हणाले. "ती आधीची बरी होती."

माझा पारा चढला. "त्या मशीनच्या होत्या, तुम्हीच ओरडलात! ही खरी आहे. माझ्या डोळ्यांसमोर केली त्यांनी. घरी जाऊन, समोर बसून पाहिली मी."

"तुम्ही पाहिली," शिवाप्पा म्हणाले. ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. "सार, मागच्या वेळीही खाली तुमचीच सही होती."

जगात त्या माणसाची एक खरी सही आता टेबलावर होती, ती खरी आहे हे दुकानात मला एकट्याला माहीत, आणि माझ्या माहितीला रद्दीची किंमत. मी भिंग पुढे केलं, शाई बघा म्हटलं, फराटा बघा म्हटलं, मनगट कसं झटकलं ते हात हलवून दाखवलं. ते नम्रपणे मान हलवत होते, आजारी माणसाशी बोलताना हलवतात तशी.

वल्लरी बाजूला उभी होती. मला म्हणाली, "अण्णा, पेन त्यांच्या स्वतःच्या हातात होतं?"

"होतं."

"कोणी हात धरला नव्हता?"

"नाही धरला."

तिने कोरं सर्टिफिकेट ओढलं. माझ्या मजकुराखाली, माझ्या नावाच्या जागी, स्वतःचं नाव लिहिलं आणि सही केली. ‘सदर सही मी स्वतः तपासली असून ती अस्सल आहे. वल्लरी.’ भिंग हातात घेतलं नाही. फोटोकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. शिवाप्पांना म्हणाली, "सार, ही खोटी निघाली तर दुकानाची पाटी उतरवून घेऊन जा. मी एक शब्द बोलणार नाही."

शिवाप्पांनी चष्मा काढून खिशात घातला. मग "सरी अम्मा, ठीक आहे," म्हणाले, चौकट पिशवीत घातली, आणि जाताना पिशवी छातीशी धरली.

ते गेल्यावर मी तिला झापलं. म्हटलं, तू होतीस का तिथे? नव्हतीस. त्यांना सही करताना पाहिलंस? नाही. स्वतः तपासली असं खाली लिहून देतेस? कोणाच्या सांगण्यावरून पाटी पणाला लावायची म्हणजे काय खेळ आहे? ती चौकटींवरची धूळ पुसत होती, पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही पाहिलंत ना? मग सरी."

सरी काय सरी! घरी येऊन मथुराला सांगितलं, तर ती पदराने डोळे पुसायला लागली. कांदा चिरत होती म्हणे. कोणालाच गांभीर्य नाही. स्वतः न पाहता, न तपासता, नुसतं दुसऱ्याने सांगितलं म्हणून पोरीने खाली सही ठोकली. असं माणूस मी बँकेत एक दिवस ठेवून घेतलं नसतं.